परसातला पाला आणि शेकोटी: इंदुरात काय जाळता येते आणि काय नाही?

सुदामानगरचा_रहिवासी (१२ जानेवारी २०२५)

सर्वांना नमस्कार. वाद उकरून काढण्यासाठी हा धागा काढलेला नाही. मला खरोखरच नियम समजून घ्यायचा आहे, आणि येथे वकिलीपासून बागकामापर्यंत सर्व तऱ्हेची जाणकार मंडळी असल्यामुळे येथेच विचारलेले बरे, असे वाटले.

आमचे घर सुदामानगरात असून मागे मोकळे परस आहे. त्यात एक आंबा आणि एक जंगली बदाम आहे. ज्यांच्या अंगणात हा बदाम आहे त्यांना पौष-माघात काय होते ते सांगायला नको. पाने आधी तांबडी होतात, मग चामड्यासारखी जाड होऊन गळतात आणि रोज सकाळी दोन घमेली भरतील इतका पाला पडतो. गेल्या रविवारी माळ्याने आठवड्याभराचा पाला कोपऱ्यात लोटला आणि मीच त्याला काडी लावायला सांगितली. रात्रीच्या दवाने पाला भिजलेला होता, त्यामुळे ज्वाळा अशी उठलीच नाही. दोन-अडीच तास नुसता पांढरा धूर कुंपणालगत लोळत राहिला. त्याच दिवशी संध्याकाळी, पुण्याहून आलेल्या नातवंडांच्या हट्टाखातर, जुन्या लोखंडी कढईत पेरूच्या वाळक्या फांद्या पेटवून शेकोटी केली, तिच्यावर हरभऱ्याचा हुळा भाजला आणि साडेनऊच्या सुमारास पाणी ओतून ती विझवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांच्या वयोवृद्ध सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि सकाळच्या धुरामुळे त्यांना दोनदा नेब्युलायझर लावावा लागला होता. वहिनी भांडल्या नाहीत, त्यामुळे मला अधिकच ओशाळे झाले. त्यांच्या यजमानांनी मात्र पाला आणि शेकोटी या दोन्ही गोष्टी बेकायदा असल्याचे ठणकावून सांगितले, आणि पुढच्या वेळी निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, तक्रारींच्या ३११ ॲपवर फोटो टाकू, असेही बजावले. माझे म्हणणे असे की जागा माझी, झाड माझे, लाकूडही माझेच. मग त्यात निगमाचा संबंध कोठे येतो?

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. राख उचलताना तिच्यात दुधाच्या पिशवीचा वितळून काळा पडलेला गोळा सापडला, आणि त्यात बदामाच्या पानाचा एक देठ रुतून बसलेला होता. म्हणजे आम्ही फक्त पालाच जाळला, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पोहे_शेव

साहेब, स्वच्छतेत सलग सात वेळा देशात पहिल्या आलेल्या शहरात, दारात रोज कचऱ्याची पिवळी गाडी येत असताना, आपण आठवड्याचा पाला साठवून जाळता हे वाचून मौज वाटली. शेकोटीबद्दल मात्र मी आपल्या बाजूचा आहे. जानेवारीत शेकोटी नाही तर मग केव्हा?

काळा_डगला

मी तीस वर्षे वकिली केली आहे. आपल्या प्रश्नाची उकल करताना पाला आणि शेकोटी या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात, कारण आपण आणि आपले शेजारी दोघेही त्या एकाच दावणीला बांधत आहात.

प्रथम पाला. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ यांतील चौथा नियम कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाची कर्तव्ये सांगतो, आणि कायद्याच्या दृष्टीने आपल्या बदामाचा गळलेला पाला हा ‘बागेतील कचरा’ ठरतो. त्यानंतर त्याच वर्षी, २२ डिसेंबर २०१६ रोजी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात देशभरासाठी आदेश दिला. मोकळ्या जागेत, अगदी कचराभूमीवरसुद्धा, कचरा जाळण्यास संपूर्ण बंदी. साध्या प्रकरणात पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई. त्याच्याही आधी, २०१५च्या एप्रिलमध्ये, याच न्यायाधिकरणाने दिल्लीत पाला आणि प्लॅस्टिक जाळण्यावर पाच हजारांचा दंड लावला होता. त्यामुळे ‘पाला म्हणजे कचरा थोडाच आहे’ हा युक्तिवाद आता फारसा टिकत नाही.

आता शेकोटी. वाळलेले, रंग किंवा रसायन न लागलेले लाकूड ऊब घेण्यासाठी किंवा भाजण्यासाठी आपल्या आवारात जाळणे म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट नव्हे. हवा प्रदूषण प्रतिबंध कायदा १९८१ याच्या कलम १९(५)मध्ये राज्य सरकारला जाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला आहे, तोही ‘इंधन नसलेला’ पदार्थ जाळण्यापुरता. त्या शब्दप्रयोगातून कायद्याची दृष्टी कळते: चुलीतले लाकूड हे इंधन, कोपऱ्यात लोटलेला पाला हे इंधन नव्हे. परंतु याचा अर्थ शेकोटीला मोकळे रान आहे असा नाही. आगीबाबत हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ लागू होते, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि परिसरातील हवा आरोग्याला घातक करणे हा कलम २८० खाली वेगळा गुन्हा आहे. ही दोन्ही कलमे जागा कोणाची हे विचारत नाहीत.

थोडक्यात, शेजारच्या यजमानांचे पाल्याबाबत बरोबर आहे, शेकोटीबाबत नाही. मात्र ॲपवर फोटो टाकण्याचा त्यांचा अधिकार दोन्ही वेळा अबाधित आहे.

सुदामानगरचा_रहिवासी

वकीलसाहेब, आपले आभार. मी काल रात्री चौथा नियम स्वतः वाचला. त्यात असे म्हटले आहे की कोणीही आपला कचरा रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरील सार्वजनिक मोकळ्या जागेत, गटारात किंवा जलाशयात टाकू, जाळू किंवा पुरू नये. ‘आवाराबाहेरील’ हा शब्द स्पष्ट आहे. मी जाळले ते आवाराच्या आत. मग या नियमाचा भंग कसा झाला?

काळा_डगला

हा प्रश्न मला अपेक्षितच होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मी आपला वकील असतो तर मीही याच शब्दावर बोट ठेवले असते. पण त्याच नियमाचे आधीचे पोटकलम आपण वाचलेले दिसत नाही. बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या निर्देशांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ‘आवाराच्या आत’ काय करायचे हेही नियमाने सांगून ठेवले आहे: साठवायचे, जाळायचे नाही. शिवाय न्यायाधिकरणाचा आदेश ‘मोकळ्या जागेत’ असे म्हणतो. ती जागा खाजगी की सार्वजनिक असा भेद त्यात केलेला नाही. एका शब्दाच्या फटीतून आपण निसटाल, पण धूर त्या फटीत मावणार नाही.

रसायन_मास्तर

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. कायद्यावर मी बोलणार नाही. पण पेरूच्या फांद्या आणि बदामाचा ओला पाला यांत जो फरक कायदा करतो, तोच फरक जळण्याच्या क्रियेतही आहे.

वाळक्या लाकडाला खालून हवा मिळाली की ते ज्वाळेने जळते, तापमान चढते आणि लाकडातून निघणाऱ्या वायूंचा बराचसा भाग ज्वाळेतच जळून जातो. ओल्या पाल्याच्या ढिगात उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो, पाने एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे आत हवा शिरत नाही आणि ढीग पेटण्याऐवजी धुमसतो. आपण जो पांढरा धूर पाहिला तो म्हणजे न जळलेले वायू, डांबरासारख्या द्रव्यांचे सूक्ष्म थेंब आणि वाफ यांचे मिश्रण, आणि त्याच्यासोबत न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड. त्यातील बहुतेक कण अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. ते नाकातल्या केसांना जुमानत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्याकडे २००९च्या मानकांनुसार या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे साठ मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये हीच मर्यादा पंधरावर आणली. धुमसणाऱ्या ढिगापासून दहा-पंधरा फुटांवर खिडकी असेल तर त्या खोलीत काय होत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

दुसरी गोष्ट वेळेची. हिवाळ्यात रात्रभर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. ऊन चांगले चढेपर्यंत हे झाकण उचलले जात नाही. त्यामुळे जानेवारीत सकाळी सात वाजता केलेला धूर वर न जाता आडवा पसरतो. ‘कुंपणालगत लोळत राहिला’ असे आपणच लिहिले आहे, त्याचे कारण हे. हेच झाकण रात्रीही असते, म्हणून शेकोटीसुद्धा लहान आणि ज्वाळेची असावी, धुराची नव्हे.

दुधाची पिशवी पॉलिथीनची असते. ती जळताना काजळी आणि घातक वायू देते, पण खरी भीती पीव्हीसीची, म्हणजे वायरींची आवरणे, नळांचे तुकडे, जुनी रेक्झिन यांची. त्यांत क्लोरीन असल्यामुळे हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि कमी तापमानाच्या धुमसत्या आगीत डायॉक्सिन वर्गातील विषे तयार होतात. ढिगात काय काय आहे हे माळी पाहत नाही, आणि आपणही पाहिले नव्हते.

लेकीकडची_वारी

माझी मुलगी अमेरिकेत असते आणि मागच्या वर्षी मी तिच्याकडे सहा महिने राहून आले. तिथल्या परसात शेकोटी हा अगदी रिवाजाचा भाग आहे, पण तिला जे नियम आहेत ते ऐकून मी थक्क झाले. तेथील पुष्कळ शहरे ‘इंटरनॅशनल फायर कोड’ नावाची संहिता स्वीकारतात. तिच्यात ‘करमणुकीची आग’ अशी स्वतंत्र व्याख्याच आहे: लाकडाचा ढीग तीन फुटांपेक्षा रुंद नको आणि दोन फुटांपेक्षा उंच नको, घरापासून किंवा पेटू शकेल अशा कोणत्याही वस्तूपासून अंतर पंचवीस फूट हवे, आग विझेपर्यंत कोणीतरी जवळ हजर हवे आणि पाणी, वाळू किंवा अग्निशामक हाताशी हवे. त्याहून मोठा जाळ केला तर तो वेगळ्या वर्गात जातो आणि अंतर पन्नास फूट होते. उचलून नेता येणाऱ्या धातूच्या शेगडीला मात्र पंधरा फुटांची सवलत आहे. कचरा या व्याख्येत बसतच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात तर हवा वाईट असल्याचा इशारा निघाला की त्या दिवशी लाकूड जाळणेच बंद. माझे जावई शेकोटी पेटवण्याआधी फोनवर हवा आणि वारा पाहतात, तसे आपण पापड घालण्याआधी आभाळ पाहतो.

सुदामानगरातील किती घरांना चारही बाजूंनी पंचवीस फूट मोकळे मिळतील, हा प्रश्न आहेच. आमच्या लोकमान्यनगरातल्या परसात तर मधोमध उभे राहिले तरी दोन्हीकडच्या भिंती पंधरा फुटांच्या आत येतात.

काळा_डगला

ताई, हा तपशील मोलाचा आहे. आपले नियम फूट-इंचांत बोलत नाहीत. काय जाळले आणि त्रास कोणाला झाला, हे ते विचारतात. त्यामुळे आपल्याकडे मोजपट्टी नसते आणि प्रत्येक प्रकरण शेजाऱ्याच्या सहनशीलतेवर ठरते. व्यक्तिशः मला मोजपट्टी अधिक आवडली असती. तिने भांडणे वाचतात.

सांवेरचा_शेतकरी

शहरातली मंडळी पाल्यावर एवढी चर्चा करत आहेत म्हणून आमचीही बाजू मांडतो. मध्य प्रदेशात नरवाई, म्हणजे गव्हाची कापणी झाल्यावर उरणारी धसकटे, जाळण्यावर २०१७पासून बंदी आहे, आणि वकीलसाहेबांनी सांगितलेल्या त्याच १९८१च्या कायद्याखाली आहे. दोन एकरांपेक्षा कमी जमीन असेल तर अडीच हजार, दोन ते पाच एकरांपर्यंत पाच हजार आणि त्याहून अधिक असल्यास पंधरा हजार रुपये, तेही प्रत्येक घटनेमागे. उन्हाळ्याच्या तोंडावर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वेगळा निघतो.

बंदी योग्यच आहे, हे मी जाळून पाहिल्यानंतर सांगतो. एका वर्षी वारा फिरला आणि माझ्या नरवाईची आग शेजाऱ्याच्या उभ्या गव्हात शिरली. त्याची भरपाई मी दोन हंगाम फेडत होतो. पण हार्वेस्टर वितभर उंचीवरून कापून जातो, आणि मग भुसा मशीन किंवा रोटावेटर भाड्याने आणण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसतो, हेही लक्षात घ्यावे. काडी मात्र नाममात्र पैशांत मिळते.

ग्वाल्हेरी_गारठा

आमच्याकडे ग्वाल्हेरला थंडी इंदुरापेक्षा कडक असते, आणि परसातल्या शेकोटीपेक्षा कॉलनीच्या फाटकावरचा चौकीदार हा मोठा प्रश्न आहे. पहाटे तो काय जाळतो, हे एकदा जवळ जाऊन पाहावे: पुठ्ठा, फळांच्या पेटीची खिळे असलेली फळकुटे, कधी सायकलचा टायर. त्याच्यावर ओरडणे सोपे आहे. दिल्लीत प्रदूषण वाढल्यावर जे टप्प्याटप्प्याचे निर्बंध लागतात, त्यांत रहिवासी संघांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या कॉलनीत वर्गणी काढून एक हीटर घेतला आणि टायर बंद झाला. मात्र त्याने हीटर केबिनची दारे-खिडक्या बंद करून वापरला तरी चालतो, कोळशाची शेगडी तशी वापरली तर जिवावर बेतते, हे त्याला समजावून सांगायला दोन संध्याकाळी लागल्या.

होळकरी_पगडी

दोन महिन्यांनी होळी आहे, म्हणून विचारतो. राजवाड्यासमोरची सरकारी होळी आधी पेटते आणि मग शहरातल्या बाकीच्या, ही होळकरांच्या वेळेपासूनची रीत. तिच्यावर आणि आमच्या चौकातल्या होळीवर हेच नियम लागणार का?

काळा_डगला

होळी हा सण आहे, कचऱ्याची विल्हेवाट नव्हे. पण तिच्यात जुन्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टायर टाकले की तेवढ्या भागापुरता तो कचराच होतो. आमच्या चौकात गेली काही वर्षे फक्त गोवऱ्या, म्हणजे इथल्या भाषेत कंडे, आणि गोकाष्ठ, म्हणजे शेणाची लाकडासारखी ओंडकी, वापरतो. खाली आधी मातीचा जाड थर देतो, नाहीतर डांबर वितळून रस्त्याला खड्डा पडतो आणि वर्षभर त्यात पाणी साचते. विजेच्या तारेखाली होळी रचू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी दर वर्षी सांगावे लागते.

निंबोणी

मूळ प्रश्न पाल्याचा होता, म्हणून त्याकडे परत येते. बदामाचा पाला कुजत नाही अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तो कुजतो, पण अख्खा ठेवला तर सहा महिने तसाच बसतो, कारण पानावर मेणासारखा थर असतो आणि त्यात कार्बन फार, नत्र कमी. मी पुढीलप्रमाणे करते.

लोखंडी जाळीची सुमारे तीन फूट व्यासाची गोल कोठी करून ती झाडाच्या सावलीत, थेट मातीवर उभी करावी. पाला टाकण्याआधी तो फरशीवर पसरून बुटाने चांगला चुरावा. कडक उन्हात दोन दिवस पडलेली पाने पापडासारखी मोडतात. वीतभर पाला, त्यावर शेणाचा पातळ काला, असेल तर आंबट ताक, आणि मूठभर जुनी माती, असे थर द्यावेत. मूठ दाबल्यावर बोटांना ओल लागावी, पाणी टपकू नये. पंधरा दिवसांनी कोठी उचलून बाजूला ठेवावी आणि ढीग उलटा भरावा, म्हणजे बाहेरचा पाला आत जातो. आत हात घातल्यावर ऊब लागली तर काम चालू आहे असे समजावे; थंड लागला तर शेण कमी पडले. माझा जानेवारीचा पाला पावसाळ्याच्या तोंडाशी काळा, भुसभुशीत होतो, आणि तोच मी कुंड्यांना घालते.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी पाला वेगळ्या पोत्यात बांधून झोन कार्यालयात त्याच्या उचलीबद्दल विचारून घ्यावे. ओल्या कचऱ्यात तो कोंबू नये. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेऊ शकतो, पण असा चिवट पाला तेथील टाक्यांत नीट कुजत नाही, आणि त्यातून वायूही फारसा निघत नाही.

सुदामानगरचा_रहिवासी (१९ जानेवारी २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. पाल्याबाबत माझी चूक होती, हे मान्य करतो. त्या ‘आवाराबाहेरील’ शब्दाला मी विनाकारण कवटाळून बसलो होतो. काल संध्याकाळी शेजारी जाऊन तसे सांगून आलो. वहिनींनी तिळाच्या वड्या दिल्या, आणि त्यांचे यजमान अजून थोडे घुश्शात असले तरी शेकोटीबाबतचा त्यांचा आग्रह त्यांनी सोडला आहे. नातवंडे जाण्याआधी एकदा शेकोटी करणार आहोत, पण आता ती कुंपणापासून दूर, विहिरीच्या बाजूला, त्याच कढईत, आणि वहिनींना आधी सांगून. सासूबाईंची खिडकी दुसऱ्या अंगाला आहे, हे मी प्रथमच नीट पाहिले.

माळ्याला पाला जाळू नको म्हणून सांगितले, तर तो म्हणाला, ‘बाबूजी, आपनेही तो बोला था.’

निंबोणीताई, एक शंका राहिली. जाळी कोणत्या मापाची घ्यावी? सियागंजात विचारले तर दुकानदाराने कोंबड्यांची जाळी दाखवली. ती फार लवचीक वाटली.

निंबोणी

कोंबड्यांची जाळी घेऊ नका, ओल्या पाल्याच्या भाराने ती पोटाशी फुगते. एक इंची चौकोनाची वेल्डेड जाळी मागा, तीन फूट उंचीची, आणि दहा फूट तुकडा पुरेल. टोके तारेने बांधा, वेल्डिंग करून घेऊ नका, म्हणजे ढीग उलटताना कोठी उघडता येते.